कुलूपबंद खोलीतले दोन तास

हा दिवस कोणा एका घराचा नाही. संगमनेरमधलं एक घर मी कल्पनेनं उभं केलं आहे, म्हणून माणसांना नावं दिलेली नाहीत. पण जे घडतं ते डॉक्टरांच्या नोंदींत पुन्हा पुन्हा येतं, आणि जवळजवळ याच क्रमानं येतं. घड्याळ शून्याकडे उलटं मोजलं आहे. शून्य म्हणजे संध्याकाळचे 7 वाजून 10 मिनिटं.

सकाळी 9:00. शून्याला 10 तास 10 मिनिटं

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला आहे. उद्या पहाटे सगळं घर तीन दिवसांसाठी कोल्हापूरला लग्नाला निघणार आहे, आणि मागच्या खोलीचं काम आज उरकायचं आहे. या खोलीत पूर्वी धान्याच्या कोठ्या असत. आता तिथं 65 इंची टीव्ही, साउंडबार, कोपऱ्यात सबवूफर, काचेच्या कपाटात गेमिंग कन्सोल आणि ऐसपैस सोफा आहे. कापडाचं दुकान चालवणाऱ्या माणसानं दिवाळीत हात सैल सोडून केलेला खर्च. आणि दोन गल्ल्या पलीकडे गेल्याच महिन्यात कडी-कोयंडा उचकटून घरफोडी झाली होती. त्यात टीव्हीसुद्धा गेला.

त्यामुळे घराच्या कर्त्यानं यादी केली आहे. यादी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. आतून पोकळ असलेलं जुनं दार काढून भरीव दार बसवलंय. कोयंडा-कुलपाऐवजी दाराच्या जाडीत बसणारं मॉर्टाइज लॉक आलंय, कारण कोयंडा पहारीच्या एका हिसक्यात निघतो. खिडकीला ग्रिल होतंच, आता जाड पडदाही लागलाय, म्हणजे रात्री रस्त्यावरून स्क्रीनचा उजेड दिसायला नको. टीव्ही, साउंडबार, कन्सोल यांच्या मागचे सिरियल नंबर फोटो काढून ठेवलेत. चोरी झालीच तर पोलिसांना आणि विमा कंपनीला पहिल्यांदा तेच लागतात, आणि बहुतेकांकडे नेमके तेच नसतात. टीव्हीचं भलंमोठं खोकं घंटागाडीला उभंच्या उभं न देता कापून, उलटं घडी घालून दिलं. असं खोकं दाराबाहेर ठेवणं म्हणजे आत काय आलंय याची गल्लीभर दवंडी. थोरल्या मुलीला ताकीद आहे: लग्नाहून परत आल्याशिवाय कोणाच्याही मोबाइलच्या स्टेटसवर फोटो टाकायचा नाही.

दुपारी 12:15. शून्याला 6 तास 55 मिनिटं

वायरमन आला आहे. कॅमेरा कुठं लावायचा, यावर थोडी चर्चा होते.

"शेठ, वर कोपऱ्यात लावला तर सगळी खोली येईल, पण दार लांब पडेल."

"दार आणि टीव्ही दोन्ही जवळून आलं पाहिजे. चेहरा ओळखता आला पाहिजे."

कॅमेरा दाराच्या उंचीवर बसतो. दार येतं, टीव्ही येतो, कपाट येतं. सोफ्यासमोरची फरशी चौकटीच्या खालच्या कडेला कशीबशी येते. चोर फरशीवरून रांगत येत नाही, त्यामुळे हरकत कोणाची नाही.

मुलांचाही विचार झालेला आहे. थोरली सात वर्षांची, धाकटी सोळा महिन्यांची. टीव्हीला पिन टाकला आहे. कन्सोलच्या कपाटाला आतून चुंबकी खटका आहे. प्लगच्या भोकांना झडपा आहेत. सबवूफरच्या जाळीवर बोटं जाऊ नयेत म्हणून तो भिंतीकडे वळवला आहे. टीव्ही स्टँडवर न ठेवता फास्टनर ठोकून भिंतीला आवळला आहे. ठरवलं होतं चोराच्या भीतीनं, पण यादीतलं खरं मोलाचं काम हेच. वीसेक किलोचा टीव्ही नुसत्या कपाटावर उभा असेल आणि मूल खालचे ड्रॉवर ओढून त्यांची शिडी करू लागलं, तर कपाट आणि टीव्ही दोन्ही पुढे झुकतात. अशा अपघातात मुलं दगावलेली आहेत. स्टँडवरचा मोठा टीव्ही भिंतीला साध्या पट्ट्यानं बांधायला दहा मिनिटं लागतात, आणि हे बहुतेक घरांत आयुष्यभर राहून जातं.

मुलांच्या बाबतीत या यादीत एकच प्रश्न विचारलेला आहे: मुलं कशाची नासधूस करतील? खोलीतलं काय मुलांची नासधूस करील, हे कोणी विचारलेलं नाही. म्हणून जे महाग ते बंद झालं आणि जे स्वस्त ते टीपॉयवर राहिलं.

दुपारी 1:40. शून्याला साडेपाच तास

शेवटचं काम हौसेचं. टीव्हीच्या मागच्या कडेनं रंगीत एलईडीची पट्टी. पाच मीटरचं वेटोळं, मागे चिकटपट्टी आणि सोबत पत्त्याच्या पानाएवढा चपटा रिमोट. वायरमन रिमोटच्या शेपटीतून पारदर्शक प्लास्टिकची जीभ ओढून काढतो, बटन दाबतो आणि भिंत निळी होते. मग जांभळी, मग लाल. थोरली टाळ्या वाजवते.

त्या जिभेनं आतापर्यंत सेलचा संपर्क तोडून ठेवला होता. सेलवर सीआर 2025 असं लिहिलं आहे. त्या आकड्यात त्याचं मापच आहे: व्यास 20 मिलिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर. लिथियमचा, 3 व्होल्टचा. वजनकाट्यात आणि मोटारीच्या किल्लीत असतो तो सीआर 2032 याचाच किंचित जाड भाऊ. अशा रिमोटमध्ये सेल एका सरकत्या तबकडीत बसतो. बाजूचा खटका नखानं दाबायचा आणि तबकडी ओढायची. स्क्रू नाही.

खेळण्यात हे चाललं नसतं. विजेवरच्या खेळण्यात असा सेल हत्याराशिवाय हाती लागता कामा नये, अशी मानकाची अट आहे, आणि 2021 च्या जानेवारीपासून आपल्याकडे खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची झाली. पण दिव्याचा रिमोट हे काही खेळणं नव्हे. सोळा महिन्यांच्या मुलीला हा फरक कोणी समजावून सांगितलेला नाही.

संध्याकाळी 4:30. शून्याला 2 तास 40 मिनिटं

चुलत भावंडं आली आहेत. रंग बदलायला रिमोट या हातातून त्या हातात जातो, एकदा फरशीवर आपटतो. तबकडी अर्धी बाहेर येते. थोरली ती आत ढकलते, पण खटका लागत नाही. मुलं कंटाळून गच्चीवर पळतात. रिमोट टीपॉयच्या कडेला.

5:10. शून्याला 2 तास

आजी सोफ्यावर आहेराची पाकिटं लावते आहे. आई आतल्या खोलीत बॅगा भरते आहे. बाप दुकानात आहे आणि त्याच्या फोनवर नव्या कॅमेऱ्याचा पहिला इशारा येतो: हालचाल आढळली. घरात सगळे आहेत हे त्याला माहीत आहे. तो इशारा बोटानं बाजूला सारतो.

धाकटी टीपॉय धरून उभी राहते. एकदा ओकारी काढल्यासारखा आवाज, मग खोकला, मग रडणं. आजी तिला उचलून पाठीवरून हात फिरवते, घोटभर पाणी देते. दोन-तीन मिनिटांत रडं थांबतं.

ही शांतता फसवी आहे. वस्तू श्वासनलिकेत अडकली तर मूल गुदमरतं आणि घर धावतं. ती अन्ननलिकेत अडकली तर मूल श्वास घेत राहतं, रडतं, काही वेळानं खेळूही लागतं. आत काय अडकलं आहे, हे त्याला सांगता येत नाही.

5:25. शून्याला पावणेदोन तास

सेल गळ्याखाली, अन्ननलिकेच्या तोंडाशीच बसला आहे. लहान मुलाच्या नळीत हीच जागा सगळ्यात अरुंद असते आणि 20 मिलिमीटरची चकती तिथून पुढे जात नाही. पैशाचं नाणं अडकलं तर ते नुसतं पडून असतं, डॉक्टरांना थोडी उसंत देतं. सेल पडून राहत नाही. ओल्या अस्तराचा त्याच्या दोन्ही बाजूंना स्पर्श झाला, की लाळेतून परिपथ पुरा होतो आणि वीज वाहू लागते. ऋण बाजूला पाण्याचं विघटन होऊन हायड्रॉक्साइड तयार होतं. म्हणजे तुंबलेला नळ मोकळा करायला आपण कॉस्टिक सोडा ओततो, त्याच जातीचा दाहक अल्कली त्या नळीत जागच्या जागी बनत राहतो.

इथं एक गैरसमज पक्का बसलेला आहे: सेल फुटला, गळला तरच धोका. गळावं लागत नाही. धड, चकचकीत, नवाकोरा सेल जास्त वाईट, कारण त्यात जोर जास्त. आणि ज्याच्यावर रिमोट चालत नाही असा ‘संपलेला’ लिथियम सेलसुद्धा भाजण्याइतकी वीज राखून असतो. काही मिनिटांत अस्तर पांढरं पडायला लागतं. आम्लाच्या भाजण्यात वर खपली धरते आणि तीच पुढचा मारा थोडा अडवते. अल्कली मांस विरघळवत खोल जातो.

6:00. शून्याला 1 तास 10 मिनिटं

धाकटी मऊ वरण-भाताचा पहिला घास थुंकते. दुसऱ्याला तोंड फिरवते. लाळ गळते आहे, झबलं गळ्याशी ओलं झालं आहे.

"दाढा येताहेत गं तिला," आजी म्हणते.

आजीला चुकीचं म्हणायला जीभ वळत नाही. या वयात पहिल्या दाढा खरोखरच येतात, लाळ गळते, मूल जेवत नाही. पुष्कळदा डॉक्टरही याच वाटेनं जातात: घसा आला असेल, सर्दी असेल. गिळताना कोणी पाहिलेलं नसेल तर लक्षणं इतकी सामान्य असतात की योग्य शंका यायला एक-दोन दिवससुद्धा जातात.

6:40. शून्याला अर्धा तास

थोरली दिवा लावायला जाते. रिमोट चालत नाही. उलटा करून पाहते, तर तबकडी रिकामी. आपल्याच हातून पडला होता हे तिला आठवतं. सोफ्याखाली पाहते, मग आईला सांगते, पण अर्धंच.

"आई, लाइटचा सेल नाहीये."

"असेल तिथंच कुठंतरी. उद्या निघायचंय, आता नको ते खूळ."

या सगळ्या दिवसात हातात आलेली एकमेव संधी हीच. घरात पाचेक वर्षांच्या आतलं मूल असेल आणि चपटा सेल जागेवर नसेल, तर तो मुलाच्या पोटात आहे असंच धरायचं आणि एक्स-रे काढून नाही म्हणायचं. मूल हसत-खेळत असलं तरी. हे ऐकायला अतिरेकी वाटतं. एका एक्स-रेचा खर्च आणि तासाभराची धावपळ फुकट गेली, तर ती आनंदानं जाऊ द्यावी.

7:10. शून्य

बाप घरी येतो. नवं कुलूप लावून, हँडल हिसकून पाहतो. दार तसूभर हलत नाही. फोनवर खोलीचं चित्र स्वच्छ येतं.

सेल अडकल्याला दोन तास झाले. दोन तासांच्या आत तो निघावा असं वैद्यक सांगतं, कारण गंभीर इजा एवढ्या वेळात झालेली असू शकते. पुढचा प्रत्येक तास नळीची भिंत आणखी पातळ करतो.

7:50. 40 मिनिटं उलटून

दूध पाजलं, ते लाळेसकट बाहेर आलं. श्वास घेताना बारीक घरघर. "अहो, हे दातांचं नाही," आई म्हणते आणि चप्पल घालते. बालरोगतज्ज्ञ चौकात आहेत.

8:15. 1 तास 5 मिनिटं उलटून

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न: हिनं काही गिळलंय का? मोठी माणसं नाही म्हणतात. थोरली बापाच्या मागून पुढे येते आणि सेलचं सांगते.

बाप फोन काढतो. 5:10 चा तुकडा. चौकटीच्या खालच्या कडेला जावळ, एक छोटा हात टीपॉयकडे जातो, तोंडाशी येतो. सेल दिसत नाही, रिमोटही अर्धाच. पण वेळ कळली, आणि डॉक्टरांना वेळच हवी होती.

एक्स-रे मानेपासून पोटापर्यंत, समोरून आणि बाजूनं. समोरून पांढरं वर्तुळ दिसतं आणि त्याच्या आत दुसरं वर्तुळ. नाण्याला एकच कड असते. बाजूच्या चित्रात एका अंगाला पायरी: अरुंद बाजू ती ऋण, आणि जळतं तिथं. ती पुढे, श्वासनलिकेकडे तोंड करून आहे.

8:35. 1 तास 25 मिनिटं उलटून

दुर्बीण घालणारी आणि एवढ्या लहान मुलाला भूल देणारी माणसं इथं रात्री नाहीत. नाशिक गाठायचं, सत्तर किलोमीटर. डॉक्टर आधी तिथं फोन करून एक्स-रे पाठवतात, म्हणजे पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. ओकारी काढायला लावायची नाही, खायला काही द्यायचं नाही. फक्त मध.

घरगुती वाटणारा हा उपाय प्रयोगशाळेतून आला आहे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डुकराच्या पिल्लांवर मध आणि सुक्राल्फेट हे औषध तपासलं. दोन्ही घट्ट, किंचित आम्लधर्मी. ती सेलभोवती थर धरतात आणि अल्कलीचा जोर कमी करतात. त्यावरून ठरलेली रीत अशी: मूल वर्षाच्या वरचं असेल, गिळू शकत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर दर दहा मिनिटांनी दोन चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा. वर्षाखालच्या बाळाला मध नाही, कारण त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. आणि मध शोधण्यासाठी दवाखान्याची वाट एक मिनिटही लांबवायची नाही. मध सेल काढत नाही, वेळ विकत घेतो, तोही थोडाच.

सिन्नर येईपर्यंत चार वेळा देऊन होतो.

10:25. 3 तास 15 मिनिटं उलटून

भूल, दुर्बीण, चिमटा. सेल निघतो तो एका बाजूनं काळा. खाली काळ्या कड्याचा चट्टा. डॉक्टर ती जागा सौम्य ॲसिटिक आम्लानं धुतात. टक्का पाव, म्हणजे जेवणातल्या सिरक्यापेक्षा पुष्कळ पातळ. उरलेला अल्कली मारायला.

सेल काढला म्हणजे संपलं असं नाही, आणि घरच्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. भाजलेला भाग पुढचे दिवस, कधी आठवडे, गळत राहतो. पुढे श्वासनलिकेत भोक पडू शकतं. जवळच महाधमनी आहे. ती उघडी पडली तर रक्तस्राव आवरत नाही. टेक्सासमधल्या लबक गावात 2020 च्या ऑक्टोबरअखेरीस रीस नावाच्या दीड वर्षाच्या मुलीनं रिमोटचा सेल गिळला. तिला सुरुवातीला साधं दुखणं समजलं गेलं. डिसेंबरमध्ये ती गेली. तिच्या आईनं पाठपुरावा केला आणि ऑगस्ट 2022 मध्ये तिच्याच नावाचा कायदा अमेरिकेत आला: असा सेल असलेल्या घरगुती वस्तूचा कप्पा मुलाच्या हातानं उघडता कामा नये, सेलचं वेष्टनही. ऑस्ट्रेलियानं अशी सक्ती त्याच वर्षी जूनमध्ये लागू केली होती. काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात, तो मूल थुंकेल या भरवशावर. थुंकेल तर बरं.

रात्री 1:00

कोल्हापूरचं रद्द. आई अतिदक्षता विभागाच्या बाहेरून जावेला फोन करते. घरातले असले सगळे सेल आत्ताच्या आत्ता गोळा कर. जावेला वाटतं, रिमोटचेच ना? मग एकेक आठवत जातं. वजनकाटा. आजीचं साखर तपासायचं यंत्र. तापमापक. स्कूटरची जास्तीची किल्ली. वाढदिवसाचं गाणारं कार्ड. आणि दिवाळीत खिडकीत लावलेल्या, अजून न काढलेल्या एलईडी पणत्या, ज्यांच्या बुडाचं झाकण नखानं निघतं.

सकाळपर्यंत पणत्या माळ्यावर गेल्या. ज्याला स्क्रू होता त्याचा स्क्रू आवळला, नव्हता त्याला खोकी बांधायच्या जाड चिकटपट्टीचे दोन वेढे. जुने सेल दोन्ही बाजूंनी पट्टी लावून काचेच्या बरणीत, ई-कचऱ्यात द्यायला. दिव्याचा तो रिमोट काकांनी हातोड्यानं ठेचला. काही गरज नव्हती, पण कोणी अडवलं नाही.

धाकटीला नाकातल्या नळीनं दूध चालू आहे. तोंडानं काही द्यायचं की नाही, हे एमआरआयवर ठरेल: चट्ट्याची सूज महाधमनीपासून किती मिलिमीटरवर आहे ते पाहून. पहिला झाला. डॉक्टरांनी दोन-तीन दिवसांनी पुन्हा करायचं सांगितलं आहे, आणि घरी सोडल्यावरही तोंडातून रक्ताचा एक थेंब दिसला तरी थेट इथंच यायचं.